पक्षाघातानंतर पुन्हा चालताना : वाचकांचे प्रश्न

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून रुग्णालय लवकर गाठावे, असे या सदरात मागच्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मात्र त्या पहिल्या काही तासांविषयी नसून घरी आल्यानंतरच्या महिन्यांविषयी आहेत. जीव वाचला, आता माणूस चालणार का, हाच प्रश्न अनेकांनी आपापल्या परीने विचारला आहे. त्यामुळे या वेळी फक्त चालण्याविषयीच्या पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६२ आहे. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती, असे डॉक्टरांनी सांगितले. आता ते पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसतात, पण दोघांनी धरल्याशिवाय उभे राहत नाहीत. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येतात. नातेवाईक म्हणतात, तीन महिने पूर्ण विश्रांती द्या, अंगात ताकद आली की आपोआप चालतील. वडील चालतील का? आणि केव्हा?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी नातेवाइकांच्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण तो मायेपोटी दिलेला असला तरी तो पाळल्याने तुमच्या वडिलांचे नुकसान होईल. तीन महिने अंथरुणावर ठेवल्याने ताकद येत नाही, असलेली जाते. मांडीचे स्नायू झिजतात, पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत घोटा आखडतो, पायाच्या शिरेत गुठळी होण्याची आणि पाठीला जखमा होण्याची भीती वाढते. शिवाय मेंदू स्वतःला सावरण्याचे काम सर्वांत वेगाने करतो ते याच तीन महिन्यांत. मेंदूचा जो भाग मेला, तो पुन्हा जिवंत होत नाही. पण त्याच्या आसपासचा, सुजेमुळे तात्पुरता निकामी झालेला भाग हळूहळू कामाला लागतो, आणि शाबूत राहिलेले इतर भाग गेलेल्या भागाचे काही काम शिकून घेतात. ते शिकतात ते मात्र तेच काम पुन्हापुन्हा करावे लागले तरच. रुग्णाने स्वतः पाय टाकण्याचा प्रयत्न करणे आणि त्या पायावर अंगाचा भार येणे, या दोन्ही गोष्टी त्यासाठी लागतात. पडल्यापडल्या दुसऱ्याने पाय वरखाली करून दिला, तर सांधे मोकळे राहतात. त्यातून चालणे येत नाही. तेलाच्या मालिशचेही तसेच आहे. मालिशने बरे वाटते, त्वचा चांगली राहते, जरूर करावी, पण दिवसभराच्या सरावाचा वेळ तिच्यात जाऊ देऊ नये.

विश्रांतीचा सल्ला योग्य असतो तो अगदी सुरुवातीच्या काळापुरता. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेली ‘अॅव्हर्ट’ नावाची मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि बराच वेळ उठवून उभे केल्यास तीन महिन्यांनंतरची स्थिती सुधारण्याऐवजी थोडी खालावते, असे तिच्यात दिसले. म्हणून पहिल्याच दिवशी जबरदस्ती करू नये, हे खरे. परंतु तुमच्या वडिलांना पाच आठवडे झाले आहेत आणि तो काळ केव्हाच मागे पडला आहे.

आता चालण्याच्या शक्यतेविषयी. कोपनहेगनमधील रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुनर्वसनाच्या अखेरीस हयात असलेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के स्वतंत्रपणे चालत होते, १४ टक्के दुसऱ्याच्या मदतीने चालत होते आणि २२ टक्के चालू शकले नाहीत. शंभरांतल्या ९५ रुग्णांची चालण्यातील प्रगती पहिल्या अकरा आठवड्यांत झालेली होती. यात झटका सौम्य असल्याने पहिल्यापासूनच चालू शकणारे बरेच रुग्ण धरलेले आहेत, त्यामुळे ६४ हा आकडा जसाच्या तसा वडिलांना लावता येणार नाही. नेदरलँड्समधील २०११ सालच्या अभ्यासाने आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवली. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत जो रुग्ण आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकतो आणि बाधित पाय थोडाफार हलवू शकतो, तो सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के असते. ज्याला या दोन्ही गोष्टी जमत नाहीत, त्याच्या बाबतीत ती सुमारे २७ टक्के असते. म्हणजे बसण्याचा तोल हा चालण्याचा पाया आहे. वडिलांना तो आला आहे, ही या पत्रातील सर्वांत चांगली बातमी आहे, आणि ती तुम्ही ओघात एका अर्ध्या वाक्यात सांगून टाकली आहे! त्यांचा उजवा गुडघा बसल्या जागी थोडा तरी सरळ होतो का, हे तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारा. होत असेल, तर काठीच्या आधाराने घरात चालणे हे उद्दिष्ट मी नि:संकोच ठेवीन. तारीख मात्र कोणी देऊ नये आणि तुम्हीही मागू नये.

पुढचे काही आठवडे वडील उभे कसे राहतात, याकडे बारकाईने पाहा. बहुतेक घरांत दोघे जण दोन्ही काखांत हात घालून रुग्णाला वर ओढतात. ओढ वर आणि मागे बसते, त्यामुळे रुग्ण मागे रेलतो, पावले पुढे घसरतात आणि सगळा भार मदत करणाऱ्यांवर येतो. उजव्या पायाला काही कामच उरत नाही. त्याऐवजी असे करावे. पलंग सखल असेल तर गादीखाली फळी किंवा जाड सतरंजी घालून तो इतका उंच करावा की बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील. दोन्ही टाचा मागे, गुडघ्यांच्याही थोड्या आत घ्याव्यात, आणि उजवे पाऊल डाव्यापेक्षा बोटभर मागे ठेवावे, म्हणजे उठताना त्यावर भार आपसूक येईल. पुढे एक जड टेबल ठेवून त्यावर दोन्ही हात टेकवावेत. मग त्यांना वर उठायला न सांगता पुढे वाकायला सांगावे. नाक पायाच्या बोटांच्या वर आले की कंबर स्वतःहून उचलली जाते. मदतनीस एकच असावा, तो उजव्या बाजूला असावा. त्याचा एक हात कंबरेला घट्ट बांधलेल्या पट्ट्यावर आणि दुसऱ्या हाताचा तळवा उजव्या गुडघ्यावर पुढून असावा, म्हणजे गुडघा अचानक दुमडणार नाही. दुसऱ्या माणसाने सुरुवातीला केवळ मागे उभे राहावे. उभे राहिल्यावर सावकाश भार उजवीकडे, मग डावीकडे, असा न्यावा. खाली बसतानाही धप्पकन बसू न देता हळूहळू बसवावे, कारण मांडीला खरी मेहनत तिथेच पडते. एका वेळी पाच-सहा वेळा, आणि असे दिवसातून पाच-सहा वेळा, हे प्रमाण बहुतेकांना झेपते. पहिल्यांदा हे सर्व फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहावे आणि त्यांनी संमती दिली की मगच घरच्या घरी सुरू करावे.

थेरपिस्टच्या तीन भेटी शिकण्यासाठी आहेत आणि उरलेला सराव घरच्यांनी करून घ्यायचा आहे. तरीही त्या भेटी लवकर बंद करू नका. आपल्याच देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरचे पुनर्वसन त्यांच्याकडे सोपवले, तर काही अधिक लाभ होतो का, हे तिच्यात पाहिले होते. तो झाला नाही. नेहमीची सेवा मिळालेला गट आणि कुटुंबाने व्यायाम घेतलेला गट, दोन्हींत सहा महिन्यांनी ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. यावरून घरच्यांचे कष्ट वाया जातात, असे मी म्हणणार नाही. पण सरावाची पायरी कधी बदलायची, आज बसून उठणे तर पुढच्या आठवड्यात एक पाऊल पाटावर ठेवणे, हे ठरवणारी जाणती नजर अधूनमधून लागतेच, असे मला त्यातून वाटते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. उजवा हात धरून त्यांना कधीही ओढू नका किंवा त्या काखेत हात घालून उचलू नका. लुळा पडलेला खांदा सांध्यातून खाली सरकलेला असतो आणि तो एकदा दुखू लागला की महिनोन् महिने सराव बंद पडतो. आणि सरावाच्या वेळी छातीत दुखले, फार धाप लागली, चक्कर आली किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आईचा डावा पाय चालताना जमिनीला घासतो, अंगठा अडकून ती दोनदा ठेचकाळली. एकांनी प्लॅस्टिकचा स्प्लिंट घ्यायला सांगितले, तर दुसरे म्हणतात की त्याने पाय आळशी होतो आणि सवय लागते. काठी कोणत्या हातात द्यावी, यावरही घरात दोन मते आहेत.
— एक वाचक, लातूर

उत्तर : स्प्लिंट घ्यावा. पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे असले की पाऊल लोंबते. मग ते जमिनीला घासू नये म्हणून रुग्ण कंबर उचलतो आणि पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. या चालीत दमणूक खूप होते, आणि आई ज्या ठेचा खाते आहे त्यांतली एखादी खुब्याच्या हाडावर बेतू शकते. घोटा काटकोनात धरणारा स्प्लिंट, ज्याला दवाखान्यात एएफओ म्हणतात, तो घातल्याने पाय आळशी झाल्याचा मला तरी अनुभव नाही. उलट पडण्याची भीती कमी झाल्याने रुग्ण जास्त पावले टाकतो आणि तो सरावच पायाच्या कामी येतो. पुढे पाऊल उचलू लागले, तर स्प्लिंट काढता येतो. चालताना पाऊल उचलण्यासाठी विजेची सौम्य संवेदना देणारे यंत्रही मिळते, परंतु चाचण्यांमध्ये चालण्याच्या वेगावर त्याचा परिणाम स्प्लिंटइतकाच दिसला आहे आणि ते बरेच महाग असते.

मात्र दुकानात तयार मिळणारा स्प्लिंट पायाला नीट बसतो का, हे पाहून घ्यावे. रोज रात्री काढल्यावर घोट्याच्या दोन्ही हाडांवर, टाचेवर आणि पोटरीच्या कडेला लालसर डाग आहे का, तो अर्ध्या तासात जातो का, हे बोटाने चाचपून पाहावे. आईला मधुमेह असेल आणि पायाला संवेदना कमी असेल, तर तिला जखम झालेली कळणारही नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. घरात पादत्राणे घालायची नाहीत, म्हणून स्प्लिंट दाराबाहेरच्या चपलांजवळ काढून ठेवला जातो आणि आई दिवसभर घरात अनवाणी पाय घासत फिरते. नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालणेही घातक आहे, कारण प्लॅस्टिकचा तळवा घसरतो, आणि ओल्या शहाबादी फरशीवर तर विचारूच नका. फक्त घरात वापरायचा, मागून बंद असलेला, रबरी तळव्याचा एक वेगळा बूट घ्यावा. देवघरात बसताना तो काढून घालणे आईला जमेल, अशी वेल्क्रोची पट्टी त्याला असावी.

काठी चांगल्या हातात, म्हणजे आईच्या बाबतीत उजव्या हातात द्यावी. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकलेला राहतो. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा पाय, असा क्रम ठेवावा. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना बाधित पाय आधी खाली टाकावा. घरातील मतभेद मिटायला एवढे पुरे व्हावे.

प्रश्न : माझ्या यजमानांना डाव्या अंगाचा पक्षाघात होऊन चार महिने झाले. थेरपिस्ट म्हणतात, पायात ताकद बरी आहे. तरी ते चालताना डाव्या बाजूच्या दरवाजाला धडकतात, डावे पाऊल मागेच राहते, आणि ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते. मला काही झालेलेच नाही, असे म्हणतात आणि रात्री न सांगता उठतात. दोनदा पडले. मी ओरडते, मग मला रात्रभर वाईट वाटते. हा हट्टीपणा समजायचा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा हट्टीपणा नाही. आपण ताटातील भाजीचे जे लिहिले आहे, त्यावरूनच ते लक्षात येते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की अनेकदा डावीकडच्या जगाची दखल घेणेच मेंदू सोडून देतो. डोळे चांगले असतात, पायात बळ असते. पण डावीकडे भिंत आहे, डावा हात आहे, डावे पाऊल आहे, याची जाणीव मनापर्यंत पोहोचत नाही. आपल्याला काही झालेले नाही, हे त्यांचे म्हणणेही त्याच इजेतून येते. ते आपल्याशी खोटे बोलत नाहीत. ज्या माणसाला आपला पाय दुबळा आहे हे ठाऊकच नाही, तो रात्री आपल्याला का उठवील?

म्हणून त्यांच्या सरावात पायाच्या ताकदीइतकाच भर लक्ष डावीकडे वळवण्यावर द्यावा लागेल. त्यांच्याशी बोलताना, चहा देताना डावीकडून यावे आणि त्यांनी मान वळवून आपल्याकडे पाहीपर्यंत थांबावे. दाराच्या डाव्या चौकटीला उभी, भडक रंगाची चिकटपट्टी लावावी आणि दारातून जाण्यापूर्वी ती पट्टी शोधायला सांगावे. चालताना आपण डाव्या बाजूने चालावे आणि ‘डावा पाय’ असे शांतपणे, त्याच शब्दांत, प्रत्येक वेळी म्हणावे. सूचना बदलत राहिल्या की त्यांचा गोंधळ वाढतो. गर्दीत किंवा टीव्ही चालू असताना चालण्याचा सराव करू नये. थेरपिस्टना हे ताटाचे आणि दाराचे तपशील जरूर सांगा. व्यायामाच्या अर्ध्या तासात रुग्ण समोरच्या माणसाकडे पाहत असतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटलेली असू शकते.

रात्रीची व्यवस्था मात्र आजच बदला. ते चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूने उतरतील आणि डावी बाजू भिंतीकडे राहील असा पलंग लावावा, त्याच्याजवळ लघवीचे भांडे हाताशी ठेवावे, आणि पलंग ते संडास या वाटेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा. वाटेतील पायपुसणी, सतरंज्या आणि वायरी उचलून टाकाव्यात. संडासात बाधित नसलेल्या बाजूला भिंतीत पक्का दांडा बसवावा, आणि भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर त्यावर कमोडची खुर्ची ठेवावी. झोपण्यापूर्वी त्यांना स्वतःहून लघवीला नेऊन आणावे. पक्षाघातानंतर बाधित बाजूचे हाड वापराविना ठिसूळ होत जाते आणि पडताना रुग्ण बहुधा त्याच बाजूला पडतो, म्हणून तिसरे पडणे टाळण्यासाठी हवा तेवढा खटाटोप करावा.

आपण ओरडता आणि मग आपल्याला वाईट वाटते, असे लिहिले आहे. चार महिने रात्रंदिवस एकटीने सांभाळणाऱ्या माणसाचा आवाज चढणारच. त्यात अपराध मानू नका. आठवड्यातून काही तास तरी मुलांपैकी किंवा दीर-नणंदांपैकी कोणी तरी त्यांच्याजवळ बसावे, हे आपण स्पष्ट शब्दांत मागून घ्या. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि सांभाळणाऱ्यांनाही ते येते. दोघांपैकी कोणाचीही झोप, भूक आणि बोलणे कमी झाले, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : एका केंद्राने रोबोटिक यंत्रावर चालवण्याचे पॅकेज सांगितले आहे, दुसऱ्या ठिकाणी स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले आहे. दोन्हींचा खर्च लाखांत आहे. कर्ज काढावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टेम सेलसाठी एक रुपयाही कर्ज काढू नका. भारतातील पाच केंद्रांत १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतील पेशी देऊन झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. इंजेक्शन सुरक्षित ठरले, पण रुग्णांच्या प्रगतीत काही फरक पडला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात नोंदणीकृत चाचणीबाहेर पैसे घेऊन ही पद्धत वापरणे मान्य नाही, आणि चाचणीत तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

रोबोटिक यंत्राचे तसे नाही. पहिल्या तीन महिन्यांत, अजिबात चालू न शकणाऱ्या रुग्णाला नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीने अशा यंत्रावर सराव दिला, तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसले आहे. यंत्रामुळे थकलेल्या माणसाकडून शेकडो पावले टाकून घेता येतात, हे त्यामागचे कारण. पण तेच काम माणसेही करू शकतात. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप्स’ या चाचणीत अंगाचा भार पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवलेले रुग्ण आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून ताकदीचे व तोलाचे व्यायाम घेतलेले रुग्ण वर्षाअखेरीस सारखेच सुधारले होते. फक्त ‘घरी व्यायाम’ म्हणजे तिथे काय होते, ते नीट वाचा : प्रत्येकी दीड तासाची ३६ सत्रे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे दहा मिनिटांच्या भेटीला घरचा व्यायाम म्हणतात. कर्ज काढण्याऐवजी त्यातला थोडा पैसा चांगल्या थेरपिस्टच्या पूर्ण वेळेच्या भेटींवर खर्च करा. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे. खासगी पॅकेजचा विचार करण्यापूर्वी तिथे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुनर्वसन विभागात एकदा दाखवून या.

प्रश्न : वडिलांना राजस्थानातील बुटाटी धाम या मंदिरात सात दिवस परिक्रमेसाठी न्यावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. कोणी कबुतराच्या रक्ताची मालिशही सांगितली आहे.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : कबुतराच्या रक्ताचा पक्षाघातावर काहीही उपयोग नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका आहे, ते करू नका. बुटाटीला जाणे हा श्रद्धेचा विषय आहे आणि वडिलांची स्वतःची इच्छा असेल, तर मी आड येणार नाही. मात्र पहिल्या काही आठवड्यांत इतक्या लांबचा प्रवास नको. गेल्यावर रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत, कारण गोळ्या सुटल्या की दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. परिक्रमा त्यांना उचलून किंवा खुर्चीवर करवण्यापेक्षा जेवढी पावले त्यांना जमतात तेवढी त्यांना स्वतःला टाकू द्यावीत.

प्रश्न : माझे वय ५४. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगाला पक्षाघात झाला. काठी घेऊन घरात आणि अंगणात चालतो. एसटी स्टँड घरापासून अर्धा किलोमीटर आहे, तिथपर्यंत एकट्याने जाण्याची माझी फार इच्छा आहे. सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नसते, आता आहे त्यात समाधान मानावे, असे मला सांगण्यात आले आहे.
— एक वाचक, जिल्हा कोल्हापूर

उत्तर : आपण स्वतः लिहिलेत, याचा मला फार आनंद झाला. सहा महिन्यांनंतर मेंदूची आपोआप होणारी भरपाई मंदावते, एवढेच खरे आहे. सरावाने होणारी सुधारणा त्यानंतरही होते. वरच्या उत्तरातील ‘लीप्स’ चाचणीतच एका गटाचे ट्रेडमिलवरचे प्रशिक्षण सहा महिने उलटल्यानंतर सुरू केले होते, आणि वर्षअखेरीस तो गट लवकर सुरू केलेल्या गटाच्या बरोबरीला आला होता. दोन वर्षांनंतर पायातील बळ पूर्ववत होईल, असे आश्वासन मी देणार नाही; पण आपण बळ मागितलेले नाही, अर्धा किलोमीटर मागितला आहे, आणि तो मागण्याजोगा आहे.

पहिल्यांदा आपला वेग मोजा. अंगणात दहा मीटरच्या दोन खुणा करा, खुणेच्या दोन पावले अलीकडून चालायला सुरुवात करा आणि मधले दहा मीटर जायला किती सेकंद लागतात, ते कोणाला तरी मोजायला सांगा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर असा माणूस बहुधा घरापुरताच फिरतो. साडेबारा सेकंदांच्या आत जात असाल, तर रस्ता, बाजार, स्टँड सहज आवाक्यात येतात. मधले लोक बाहेर पडतात, पण थोड्या अंतरापर्यंतच. डॉक्टर हाच हिशेब सेकंदाला ०.४ आणि ०.८ मीटर असा मांडतात.

मग अंतर आणि वेग दोन्ही हळूहळू वाढवा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, सोबत एक माणूस घेऊन, दर पन्नास-साठ पावलांवर टेकायला कट्टा किंवा खुर्ची मिळेल अशा सपाट रस्त्यावर सुरुवात करा. नेहमीच्या गतीने चालता चालता मध्येच वीस पावले शक्य तितकी भरभर टाका आणि पुन्हा सावकाश चाला. नुसते रमतगमत चालल्याने वेग वाढत नाही. दमल्यावर विसाव्याला बसून उरलेले अंतर पुन्हा चालावे. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदय एकदा तपासून घ्या. घोटा आत वळत असेल किंवा टाच टेकत नसेल, तर त्याचे कारण स्नायूंचा ताठरपणा असू शकते. त्यासाठी गोळ्या मिळतात, आणि पोटरीतील नेमक्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शनही देता येते. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि त्या काळात ताणाचे व्यायाम व चालणे जोमाने केले तरच त्याचे चीज होते.

स्टँडपर्यंतच्या वाटेत जे जे येते, त्याचा सराव वेगळा करा : उतार, खडी, गटाराची पायरी, समोरून येणारी मोटारसायकल, हातात पिशवी घेऊन चालणे, कोणी हाक मारली तर न थांबता मान वळवणे. घरातील चालण्यात यांपैकी काही नसते, म्हणून अंगणात उत्तम चालणारा माणूस रस्त्यावर गडबडतो. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल, तर जिल्हा रुग्णालयातून ते काढून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास एसटीच्या भाड्यातही सवलत मिळते. आणि एसटीत चढण्याचा सराव स्टँडवर गर्दी नसताना, उभ्या गाडीत करा. तिची पहिली पायरी घराच्या जिन्यापेक्षा बरीच उंच असते. काठी आधी सोबत्याकडे द्या, डाव्या हाताने दांडा धरा, डावा पाय वर टाका आणि उजवा मागून घ्या. उतरताना उजवा पाय आधी खाली येऊ द्या, आणि तो जमिनीवर पूर्ण टेकेपर्यंत दांडा सोडू नका.